भिंग आणि पेटी : एका जुन्या तक्रारीचा इतिहास

छायाचित्रणाची हौस लागलेल्या मनुष्याच्या आयुष्यांत एक प्रसंग बहुधा येतोच. आरसा असलेला एक वापरलेला कॅमेरा त्याच्याजवळ असतो. पुष्कळ दिवस पैसे सांठवून तो त्यासाठीं भरपूर प्रकाश घेणारें एक चांगलें भिंग विकत आणतो, आणि घरांतील एखाद्या मुलाला खिडकीजवळ बसवून मोठ्या उमेदीनें पहिलें चित्र घेतो. नेम डोळ्यावर धरलेला असतो. परंतु चित्र मोठें करून पाहावें, तों डोळा धुरकट आणि कानाची पाळी मात्र लवेसकट स्पष्ट! मग तो भिंगाला दोष देतो, दुकानदार त्याच्या हाताला दोष देतो, आणि एखादा अनुभवी मित्र कॅमेऱ्याच्या पेटीकडे, म्हणजे ज्याला आज सर्वत्र बॉडी म्हणतात तिच्याकडे, बोट दाखवितो. तिघांपैकीं बरोबर कोण, हें ठरविण्यापूर्वीं पुढचा रुपया खर्च करणें म्हणजे रोग न ओळखतां औषध घेण्यासारखेंच आहे.

ही तक्रार आजची नव्हे. ती छायाचित्रणाइतकीच जुनी आहे, आणि तिचा इतिहास पाहिला असतां असें आढळतें कीं, यंत्रें बदललीं, कारखाने बदलले, तरी दोषाचें मूळ पुनः पुन्हां एकाच ठिकाणीं सांपडलें. प्रतिमा जेथें पाहावयाची ती जागा एक, आणि ती जेथें उमटावयाची ती जागा दुसरी; या दोन जागांचा मेळ बसला नाहीं, कीं उत्तमांतलें उत्तम भिंग बदनाम होतें.

पॅरिस येथील लुई दागेर याची रीत १९ ऑगस्ट १८३९ रोजीं जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यास आयोडीनची वाफ द्यावयाची, तो कॅमेऱ्यांत ठेवून त्यावर प्रकाश पाडावयाचा, आणि मग पाऱ्याच्या वाफेनें चित्र प्रगट करावयाचें, अशी ती रीत होती. कॅमेऱ्याची रचना साधी होती. एका लांकडी पेटींत सरकणारी दुसरी पेटी, पुढच्या बाजूस शार्ल शेव्हालिए या कारागिराचें भिंग, आणि मागच्या बाजूस घासून धुरकट केलेली कांच. कांचेवर प्रतिमा रेखीव दिसेपर्यंत पेटी पुढेंमागें सरकवावयाची, आणि मग कांच काढून नेमक्या त्याच जागीं पत्रा बसवावयाचा. यांत चूक होण्यास जागाच नाहीं असें कोणासही वाटावें. परंतु कांचेवर स्वच्छ दिसलेली प्रतिमा पत्र्यावर अंधुक उमटते, असा अनुभव येऊं लागला.

या कोड्याचा छडा लावण्याचें बरेंच श्रेय आंत्वान क्लोदे याचें आहे. हा फ्रेंच गृहस्थ लंडनमध्यें छायाचित्रणाचा व्यवसाय करीत असे. प्रकाशाचे निरनिराळे रंग भिंगांतून जातांना सारखेच वळत नाहींत. जांभळा अधिक वळतो, तांबडा कमी. दुर्बिणीचीं भिंगें करणारे कारागीर दोन प्रकारच्या कांचा जोडून हा फरक कमी करीत. पण तो मानवी डोळ्याच्या सोयीनें, आणि मानवी डोळ्याला पिवळा प्रकाश सर्वांत तेजस्वी दिसतो. दागेरच्या पत्र्याला मात्र पिवळा रंग जवळजवळ आंधळाच होता. तो निळ्या-जांभळ्या प्रकाशानेंच जागा होई. म्हणजे छायाचित्रकार पाही पिवळ्या प्रकाशाचें चित्र, आणि पत्रा टिपी निळ्या प्रकाशाचें. दोहोंचें फोकस निराळें. पत्रा कांचेच्या जागीं अगदीं बिनचूक बसविला, तरी चित्र बिघडावें याचें कारण हें होतें.

क्लोदेनें १८४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हा फरक मोजण्यासाठीं एक साधें उपकरण केलें. एका दांड्याभोंवतीं पंख्याच्या पाकळ्यांप्रमाणें लहान पत्ते बसविलेले, प्रत्येकावर आंकडा घातलेला, आणि प्रत्येक पत्ता मागच्या पत्त्यापेक्षां भिंगापासून थोडा अधिक दूर. मधल्या पत्त्यावर डोळ्यानें फोकस करावें, चित्र घ्यावें, आणि पत्र्यावर कोणत्या आंकड्याचा पत्ता रेखीव उमटला तें पाहावें. मधलाच उमटला तर भिंग निर्दोष. अन्यथा त्याची चूक किती आणि कोणत्या दिशेस, हें आंकडाच सांगे. या उपकरणाचें महत्त्व असें कीं, त्यानें भांडणाचें रूपांतर मोजमापांत केलें. ‘भिंग वाईट’ हें मत झालें. ‘भिंग दोन पत्ते पुढें’ ही माहिती झाली, आणि माहिती मिळाली कीं पेटी तेवढी सरकवून चांगलें चित्र घेतां येई.

दरम्यान व्हिएन्ना येथील गणिताचा प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यानें १८४० मध्यें व्यक्तिचित्रांसाठीं एक नवें भिंग गणितानें सिद्ध केलें. आंकडेमोडीच्या कामीं त्यास ऑस्ट्रियन तोफखान्यांतील हिशेबांत तरबेज अशा सैनिकांचें साहाय्य मिळालें होतें. फॉइक्टलेंडर या कारखान्यानें घडविलेलें हें भिंग शेव्हालिएच्या भिंगाच्या मानानें सुमारें सोळापट प्रकाश आंत घेई. कित्येक मिनिटें निश्चल बसण्याच्या शिक्षेंतून माणसांची सुटका झाली. परंतु या लाभाबरोबर एक नवी जबाबदारी आली. भिंगाचें छिद्र जितकें मोठें, तितका स्पष्टतेचा पट्टा अरुंद. लहान छिद्राच्या भिंगांत जी चूक झांकून जाई, ती मोठ्या छिद्राच्या भिंगांत उघडी पडूं लागली. महाग भिंग घेतल्यावर चित्रें सुधारण्याऐवजीं बिघडल्यासारखीं कां वाटतात, याचें उत्तर येथें आहे. तें भिंग चूक निर्माण करीत नाहीं. पूर्वींपासून असलेली चूक तें दाखवितें.

ही विद्या हिंदुस्थानांत पोंचण्यास फार काळ लागला नाहीं. लंडनमध्यें छायाचित्रकारांची संस्था १८५३ मध्यें निघाली, आणि पुढच्याच वर्षीं, १८५४ मध्यें, मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या एतद्देशीय सभासदांपैकीं एक होत. भिंगें समुद्रमार्गें विलायतेहून येत. बिघडलें तर परत धाडून दुरुस्त करून आणणें म्हणजे महिन्यांचें काम. अशा स्थितींत आपल्या यंत्राचा दोष आपण ओळखणें हा हौसेचा भाग नसून गरजेचा भाग होता.

पुढें अमेरिकेंतील जॉर्ज ईस्टमन यानें १८८८ मध्यें ‘कोडॅक’ बाजारांत आणला, आणि सामान्य जनांपुरता हा प्रश्न कांहीं काळ अदृश्यच झाला. पंचवीस डॉलरच्या त्या पेटींत शंभर चित्रांची फिल्म भरलेली येई. लहान छिद्राचें भिंग कायमचें एका जागीं बसविलेलें. फोकस करावयाचेंच नाहीं. चित्रें संपलीं कीं सगळी पेटी कारखान्याकडे धाडावयाची. १९०० मध्यें आलेल्या ‘ब्राउनी’ची किंमत तर एकच डॉलर होती. जेथें निवडच नाहीं, तेथें निवडीची चूकही नाहीं. या साधेपणामुळें लाखों घरांत छायाचित्रण शिरलें, हें खरें; परंतु मंद प्रकाशांत किंवा अगदीं जवळून चित्र घेण्याची इच्छा धरणाऱ्यास ही पेटी उपयोगी नव्हती.

ती इच्छा पुरी करण्याचा मार्ग जर्मनींतील वेट्झ्लार या गांवीं निघाला. तेथील लाइट्स हा सूक्ष्मदर्शक यंत्रांचा कारखाना. ऑस्कर बारनाक नांवाचा एक कुशल यंत्रकार १९११ पासून तेथें काम करीत असे. त्यास दम्याचा विकार होता, आणि कांचेच्या पट्ट्यांचा जड कॅमेरा पाठीवर घेऊन डोंगर चढणें त्यास झेपत नसे. त्यानें पहिल्या महायुद्धापूर्वींच चलच्चित्राच्या फिल्मवर २४ × ३६ मिलिमीटरचें लहान चित्र घेणारा खिशांतला कॅमेरा तयार केला. महायुद्धामुळें तो मागें पडला, आणि शेवटीं १९२५ मध्यें लाइप्झिगच्या जत्रेंत ‘लायका’ या नांवानें लोकांपुढें आला. त्याचें भिंग माक्स बेरेक यानें योजिलेलें होतें. लहान चित्र घ्यावें आणि कागदावर तें अनेकपट मोठें करावें, हें या कॅमेऱ्याचें तत्त्व. परंतु चित्राबरोबर चूकही तितकीच मोठी होते. पूर्वीं जी कोणाच्या ध्यानांत आली नसती, ती आतां भिंतीवर टांगलेल्या चित्रांत डोळ्यांत भरूं लागली.

पहिल्या लायकाचें भिंग पेटीला कायमचें जोडलेलें होतें. १९३० मध्यें आट्यांनीं बसणारीं, बदलतां येणारीं भिंगें निघालीं, आणि हौशी छायाचित्रकाराच्या निवडीचा आधुनिक प्रश्न जन्मास आला: पेटी कोणती आणि भिंग कोणतें? पण तेव्हां एक विचित्र अडचण होती. भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचें अंतर प्रत्येक पेटींत अगदीं सारखें नसे. म्हणून कारखान्यांत प्रत्येक भिंग त्या त्या पेटीशीं जुळवून घेत, आणि कोणतें भिंग कोणत्या पेटीचें हें ओळखतां यावें म्हणून पेटीच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आंकडे भिंगावर कोरीत. एका मित्राचें भिंग दुसऱ्या मित्राच्या पेटीवर आट्यांनीं बसे, परंतु चित्र बरोबर येईलच असा भरंवसा नसे. १९३१ मध्यें कारखान्यानें हें अंतर २८.८ मिलिमीटर असें कायम केलें. प्रमाणित पेटीच्या बैठकीवर ओळखीसाठीं एक शून्य कोरलेलें असे. त्या शून्यावर पुढें सगळा बाजार उभा राहिला. कोणीही भिंग करावें आणि तें कोणाच्याही पेटीवर बसावें, हें त्यामुळें शक्य झालें.

२८.८ मधला शेवटचा आठ किती महत्त्वाचा आहे, हें एका हिशेबानें समजेल. साध्या वहीच्या कागदाची जाडी मिलिमीटरच्या सुमारें दशांशाइतकी असते. ५० मिलिमीटरचें भिंग लावून मीटरभर अंतरावरील चेहऱ्याचें चित्र घेतलें, आणि पेटीची खोली ठरल्यापेक्षां एका कागदाएवढी कमी असली, तर स्पष्टतेचा पट्टा चेहऱ्यावर सुमारें साडेतीन सेंटिमीटर मागें सरकतो. अशा दोनतीन कागदांची चूक झाली कीं डोळा सुटून कान सांपडतो. आरंभीं सांगितलेल्या प्रसंगांतील कानाच्या पाळीचें रहस्य बहुधा एवढेंच असतें.

१९३२ मध्यें लायकाच्या दुसऱ्या आवृत्तींत अंतरमापक यंत्र भिंगाशीं जोडण्यांत आलें, आणि त्याच वर्षीं झाइस इकॉन कारखान्याचा ‘कॉन्टॅक्स’ त्याच्या स्पर्धेस उतरला. या स्पर्धेंत निवडीचा धडा आहे. कॉन्टॅक्सचें अंतरमापक अधिक सूक्ष्म होतें, आणि लुडविग बेर्टेले यानें योजिलेलीं त्याचीं ‘सोनार’ भिंगें त्या काळीं अत्यंत तेजस्वी होतीं. परंतु त्याची धातूच्या पट्ट्यांची झडप रेशमी फितींवर लटकलेली असे. त्या फिती झिजत, तुटत, आणि झडप अडे. लायकाचीं भिंगें आरंभीं तितकीं तेजस्वी नव्हतीं; त्याची कापडी झडप मात्र साधी आणि विश्वासू होती. भिंगासाठीं पेटी घ्यावी कीं पेटीसाठीं भिंग, हा वाद तेव्हांपासून चालत आलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्यें या वादाला एक चमत्कारिक पुरवणी जोडली गेली. १९४८ मध्यें निघालेल्या ‘निकॉन’ कॅमेऱ्याची भिंगाची बैठक कॉन्टॅक्सच्या नमुन्यावर केलेली होती. निकॉनचें भिंग कॉन्टॅक्सवर सहज बसे. पण भिंग पुढेंमागें करणाऱ्या आट्यांचें प्रमाण दोहोंत किंचित् निराळें ठेवलेलें होतें. परिणाम असा कीं, रुंद दृश्याचीं भिंगें एकमेकांवर चालून जात, आणि दूरचें जवळ आणणारीं भिंगें मात्र जवळच्या वस्तूवर चुकत. भिंग बसतें, याचा अर्थ तें जुळतें असा नव्हे, हें येथें जितकें स्पष्ट होतें तितकें दुसरीकडे क्वचितच होईल. जुन्या वस्तूंच्या बाजारांत भिंगें घेणाऱ्यास हें आजही ध्यानांत ठेवावें लागतें.

उलट दूरदृष्टीचें उदाहरणही त्याच काळांत सांपडतें. १९५४ मध्यें लायकानें आट्यांची बैठक सोडून फिरवून अडकविण्याची नवी बैठक आणली, तेव्हां नवें अंतर मुद्दाम २७.८ मिलिमीटर ठेविलें, म्हणजे जुन्यापेक्षां बरोबर एक मिलिमीटरनें कमी. मधें एक मिलिमीटर जाडीचें कडें घातलें कीं जुनें भिंग नव्या पेटीवर बिनचूक बसे. १९८७ मध्यें कॅनन कारखान्यानें विजेवर चालणारी नवी बैठक काढली, तेव्हां मात्र जुनें अंतर ४२ मिलिमीटर होतें आणि नवें ४४ झालें. नवी पेटी जुन्या भिंगासाठीं दोन मिलिमीटर अधिक खोल पडली. आणि कडें घालून अंतर वाढवितां येतें, कमी करतां येत नाहीं. सुस्थितींतील असंख्य भिंगें त्या एका निर्णयानें नव्या पेट्यांना पारखीं झालीं. पेटी निवडतांना मनुष्य वास्तविक भिंगाची बैठक निवडीत असतो. पेट्या येतात आणि जातात, बैठकीचे परिणाम दीर्घकाळ भोगावे लागतात.

मधल्या काळांत आरशाचा कॅमेरा पुढें आला. ड्रेस्डेन येथील ‘किने एक्झाक्टा’ १९३६ मध्यें आणि जपानचा ‘निकॉन एफ’ १९५९ मध्यें निघाला. भिंगांतून येणारें चित्रच आरशानें वर वळवून धुरकट कांचेवर दाखवावयाचें, ही त्याची योजना. पाहणें भिंगांतूनच असल्यामुळें चुकीचा प्रश्न सुटला असें वाटलें. तरी प्रकाशाच्या वाटा दोन होत्याच: एक आरशावरून कांचेकडे आणि एक सरळ फिल्मकडे. आरसा टेकण्याची खुंटी किंचित् वाकली कीं दोन्ही वाटांची लांबी बिघडे. १९८५ मध्यें ‘मिनोल्टा ७०००’ नें पेटींतूनच स्वयंचलित फोकस करण्याची सोय आणली, तेव्हां आरशाखालीं फोकस तपासणारें उपकरण बसल्यामुळें तिसरी वाट निर्माण झाली. शेवटीं २००७ च्या सुमारास कारखान्यांनीं आपल्या श्रेष्ठ कॅमेऱ्यांत अशी सोय ठेविली कीं, प्रत्येक भिंगाची चूक मालकानें स्वतः मोजावी आणि तिचा आंकडा पेटीच्या स्मरणांत नोंदवावा. १९३० मध्यें वेट्झ्लारचा कारागीर भिंगावर जे तीन आंकडे कोरी, त्यांचेंच हें नवें रूप होतें.

२००८ मध्यें आरसा नसलेले, भिंग बदलतां येणारे कॅमेरे बाजारांत आले, आणि पाहण्याची जागा व उमटण्याची जागा प्रथमच खऱ्या अर्थानें एक झाली. ज्या पटलावर चित्र टिपलें जातें, त्यावरूनच तें डोळ्याला दाखविलें जातें. या पेट्या उथळ असल्यामुळें जुन्या भिंगांचाही उद्धार झाला. अठरावीस मिलिमीटर खोलीच्या पेटीपुढें योग्य जाडीचें कडें घातलें कीं पन्नास वर्षांपूर्वींचें भिंग पुन्हां काम करूं लागतें. १९८७ मध्यें पोरकीं झालेलीं भिंगें आज हौशी लोक शोधून शोधून घेतात तीं यामुळें. कडें मात्र पारखून घ्यावें लागतें. तें जाड झालें, तर दूरचे डोंगर आणि चंद्र कधींच रेखीव येत नाहींत. किंचित् पातळ असलें, तर फोकसची खूण तेवढी पुढें जाते, आणि काम अडत नाहीं.

फोकसच्या चुकीखेरीज दुसरेही दोष असतात, आणि ते ओळखण्याच्या खुणा निराळ्या आहेत. सगळें चित्र एकाच दिशेस फरफटल्यासारखें दिसलें तर हात हलला. चित्राची एकच बाजू सदैव मऊ येत असली तर भिंगांतील एखादी कांच तिरकी बसली आहे. लहान छिद्रानें घेतलेल्या प्रत्येक चित्रांत त्याच जागीं काळा ठिपका दिसला तर धूळ भिंगांत नसून आंतल्या पटलावर आहे. आणि चित्र सर्वत्र रेखीव असूनही त्यावर पातळ धुक्याचा पडदा पडल्यासारखा वाटला, विशेषतः समोरून उजेड असतांना, तर भिंग उजेडाकडे धरून आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू आहेत काय तें पाहावें. ती बुरशी असते. दुसऱ्या महायुद्धांत न्यू गिनीच्या दमट अरण्यांत सैन्याच्या दुर्बिणी याच रोगानें निकामी होऊं लागल्या, तेव्हां शास्त्रज्ञांना त्यावर संशोधन करावें लागलें. मुंबई, कोंकण आणि गोमंतक येथील पावसाळा या बाबतींत त्या अरण्याहून फारसा दयाळू नाहीं. चामड्याच्या सुंदर पेटींत भिंग बंद करून कपाटांत ठेवणें म्हणजे बुरशीला आयतें घर देणें होय. घट्ट झांकणाच्या डब्यांत ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे घालून त्यांत भिंग ठेवावें, आणि अधूनमधून बाहेर काढून वापरावें, हा त्यावर स्वस्त उपाय आहे. बुरशीनें कांचेवरचा थर एकदां खाल्ला, कीं मग तो पुसून परत येत नाहीं.

अशा रीतीनें दोषांचीं लक्षणें वेगळीं केलीं, कीं डोळा व कान यांची मूळ तक्रार सोडविणें अवघड राहत नाहीं. कॅमेरा तिपाईवर बसवावा. टेबलावर एक मोजपट्टी तिरकी उभी करून तिच्या मधल्या आंकड्यावर फोकस करावें, आणि भिंगाचें छिद्र पूर्ण उघडें ठेवून पांचसहा चित्रें घ्यावीं. प्रत्येक वेळीं फोकस मोडून पुन्हां करावें. प्रत्येक चित्रांत निराळाच आंकडा स्पष्ट आला, तर चूक हाताची किंवा यंत्राच्या अस्थिरपणाची. दर वेळीं तोच चुकीचा आंकडा स्पष्ट आला, तर चूक जोडाची. मग तेंच भिंग मित्राच्या त्याच बैठकीच्या पेटीवर लावावें, आणि त्याचें भिंग आपल्या पेटीवर. चूक भिंगाबरोबर गेली तर भिंग दुरुस्तीस द्यावें. पेटीबरोबर राहिली तर पेटी. दोन्ही वेगवेगळीं चांगलीं ठरलीं आणि एकत्र आल्यावरच चुकलीं, तर दोष कोणाचाच नाहीं. दोन लहान चुका एका दिशेस मिळाल्या इतकेंच, आणि थोड्या जुळवणीनें तें काम भागतें.

या परीक्षेला एक मोजपट्टी, एक मित्र आणि एक दुपार पुरते. क्लोदेनें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं पंख्याच्या पाकळ्यांप्रमाणें जे पत्ते बसविले होते, त्यांचेंच काम ती तिरकी पट्टी करते. खिडकीजवळ बसविलेल्या त्या मुलाचें चित्र दुसऱ्या दिवशीं पुन्हां घेतां येईल. नवें भिंग मात्र त्यापूर्वीं घेऊं नये.